तीन स्वयंपाकिणींचा एका दिवसाचा डोंगर

त्या दिवशी आम्ही पाच जणं होतो. मी, कावेरीबाई. अंबाबाई, तिला आम्ही अंबक्का म्हणतो, वय अठ्ठ्याहत्तर, आमच्यात सगळ्यांत मोठी. सुंदराबाई, बासष्टची, वयाने धाकटी पण तोंडाने कोणाला हार जात नाही. माझी नात वैष्णवी, ती अड्यारला ऑफिसात जाते. आणि सेल्वम, व्हॅनचा ड्रायव्हर, तो आम्हाला उडुमलपेटला मिळाला. आणखी एक बाई होत्या, जंगलखात्याच्या, वरती भेटल्या. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, ते मनाला लागून आहे.

मी तिसरीपर्यंत शिकले, ती तमिळ शाळेत. मराठी अक्षरं आईने पोथीवर बोट ठेवून शिकवली. आम्ही तंजावरकडचे, चेन्नैत तिरुवल्लिकेणीला राहतो. आमची मराठी तमिळात भिजलेली आहे. मी बोलते तसंच लिहिलंय.

आम्ही तिघी लग्नाच्या स्वयंपाकिणी. एकतिसाव्या वर्षी माझे यजमान गेले, पदरात दोन मुलं. तेराव्यानंतर अंबक्का आली आणि मला एका कल्याण मंडपाच्या मागच्या दाराने आत घेऊन गेली. म्हणाली, "मोठ्या हंड्यातला भात वेळता येतो काय?" मी म्हणाले, "येतो." येत नव्हता. पेज हातावर आली, कोपरापासून मनगटापर्यंत सालपट निघालं. दुसऱ्या दिवशी हाताला केळीचं पान बांधून परत गेले. जायलाच हवं होतं. तिथून चाळीस वर्षं झाली.

अंबक्काकडे चूल असायची. तेव्हां गॅस नव्हता. ओली लाकडं यायची, ती फुंकून फुंकून पेटवायची, पाचशे पानांचं अन्न शिजेपर्यंत तिथून हलायचं नाही. आता तिला चार पायऱ्या चढल्या तरी थांबावं लागतं. डॉक्टर म्हणाले, आजी, तुमच्या छातीत धूर बसलाय. ही म्हणाली, "बसू दे, उभा राहून दमला असेल."

लोक आम्हाला म्हणतात, तुम्ही काय बाई, सगळं फिरलात. होय, फिरलो. मदुरै, कोइंबतूर, कोडैकानल, उटी. मुन्नारला तर चार दिवस होतो, चहाच्या मळ्यातल्या एका मॅनेजरच्या मुलीचं लग्न होतं. पण आम्ही बघितलं काय? मागचं दार, नळ, भांडी घासायची जागा. मुन्नारला स्वयंपाकाच्या जागेला ताडपत्री लावलेली, तिच्या पलीकडे डोंगर. रोज म्हणायचो, शेवटच्या दिवशी बघू. शेवटची पंगत उठली तर लॉरी दाराशी उभी, भांडी चढवा म्हणून. चढवली. आलो.

गेल्या वर्षी अंबक्काचा मुलगा, तो ओरगडमला गाडीच्या फॅक्टरीत आहे, त्याची बदली गुजरातला झाली. पोंगल, म्हणजे संक्रांत, झालं की घर हलवायचं. अंबक्काही जाणार. इथे एकटीला कोण बघणार? सुंदरा माझ्या उंबऱ्यावर बसून म्हणाली, "अक्का, हिला एकदा डोंगर दाखवू. एकही हंडा न चढवता. हिची गाडी सुटायच्या आधी."

मार्गळी महिना, म्हणजे धनुर्मास, चालू होता. मार्गळीत इकडे लग्नं लागत नाहीत, आम्ही मोकळ्या. पण सुंदराचा नवरा अंथरुणावर आहे, अर्धं अंग गेलंय. त्याची बहीण म्हणाली, मी दोन रात्री आणि मधला एकच दिवस येईन. म्हणजे डोंगर एका दिवसात बसवायचा. आदल्या संध्याकाळी गाडीत बसायचं, सकाळी उतरायचं, दिवसभर वर, संध्याकाळच्या गाडीने परत.

बेत

रेल्वेची आणि पार्कची तिकिटं वैष्णवीने फोनवर काढली. मुन्नारच्या अलीकडे नॅशनल पार्क आहे, तिथे वरैआडू असतात, कड्यावरच्या रानशेळ्या म्हणा. आणखी कोठे येवढ्या जवळून दिसत नाहीत म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची बाळंतपणं, तेव्हां पार्क बंद. आम्ही त्याच्या आधीच जात होतो.

बाकी बेत माझा. बेत कसा करायचा ते मला कोणी शिकवायला नको. लग्नात सगळं पंगतीपासून मागे मोजायचं असतं. अकराला पंगत बसली पाहिजे तर पावणेअकराला पानं मांडलेली, साडेदहाला भात वेळलेला, नऊला सांबार उतरलेलं, सातला भाज्या चिरून झालेल्या. पुढून मोजत गेलात तर फसलात. चाळीस वर्षांत माझी पंगत कधी उशिरा बसली नाही.

तर मी ठरवलं, बारा वाजता डोंगरावर गवतात पान मांडायचं. आम्ही तिघींनी बसायचं आणि वैष्णवीने वाढायचं. जन्मभर वाढलं, एक दिवस बसून खायचं. चिंचेचा भात, तो टिकतो. दहीभात गाडीत नासतो, म्हणून भातात दूध घालायचं आणि विरजणाला एक चमचा दही. वाटेत हलत हलत दही लागतं, जेवायच्या वेळेला बरोबर होतं. ताकातल्या मिरच्या तळून. आणि पुरणपोळ्या, अंबक्काला आवडतात म्हणून.

वैष्णवी म्हणाली, "आजी, सगळे लिहितात की लवकर जा. दुपारी ढग येतात. साडेसातला उतरून सरळ निघालो तर साडेदहाला गेटवर असू."

"आणि अंघोळ?" मी म्हणाले. अंबक्का सोवळ्याची. अंघोळ केल्याशिवाय कॉफीचा घोटसुद्धा घेत नाही.

"एक दिवस नाही केली तर?"

अंबक्काने तिच्याकडे नुसतं बघितलं. वैष्णवी परत फोनात बघायला लागली.

मग मी बारापासून मागे मोजलं. पावणेबाराला गेट, नऊला उडुमलपेट सोडायचं, त्याआधी स्टेशनात अंघोळ, कॉफी, इडली. अगदी बरोबर बसलं. मला फार बरं वाटलं.

उडुमलपेट ते चेकपोस्ट

गाडीतलं काही सांगण्यासारखं नाही, झोपलो. उडुमलपेटला स्टेशनच्या न्हाणीघरात पाणी बर्फासारखं. अंबक्काने दात न वाजवता डोक्यावरून ओतून घेतलं. सुंदरा बाहेरून ओरडली, "अंबक्का, जिवंत आहेस ना? नाहीतर डोंगराचं तिकीट परत करू!" आतून आवाज आला, "तुझं परत कर. माझं राहू दे."

सेल्वम पस्तिशीचा असेल, शर्टाच्या खिशात विभूतीची पुडी. त्याने आमचे डबे बघितले, तीन मोठे तूक्कू, कडीचे, आणि केळीच्या पानांची गुंडाळी. "अम्मा, लग्न कोणाचं?"

"आमचंच," सुंदरा म्हणाली. "नवरे मिळाले तर वाटेत थांबव."

हे सगळं तमिळात चाललेलं. मी मराठीत सांगते.

उडुमलपेट सोडलं की दोन्हीकडे पवनचक्क्या. सपाट, कोरडं रान, बाभळी. चिन्नारला जंगलाचं चेकपोस्ट. तिथल्या माणसाने प्लास्टिक शोधायला म्हणून डबा उघडला आणि चिंचेच्या भाताचा वास घेत उभाच राहिला. मी म्हणाले, "अण्णा, प्लास्टिक नाकाने सापडत नाही." तो हसला, झाकण लावलं. आमच्याजवळ प्लास्टिकचा एक तुकडा नव्हता. सगळं स्टील आणि पानं.

मग वळणं सुरू झाली. तिसऱ्या वळणाला सुंदराचा चेहरा उतरला, पाचव्याला व्हॅन थांबवली. पोटातल्या इडल्या बाहेर आल्या. चाळीस वर्षं लोकांच्या तब्येती सांभाळल्या म्हणून पदराला लिंबू बांधलेलं होतं, ते हुंगायला दिलं. त्यानंतर अर्धा तास ती गप्प होती. अंबक्का म्हणाली, "वळणं चांगली आहेत."

मरयूरला चंदनाची झाडं कुंपणाच्या आत उभी, आपल्याकडे कैद्यांना ठेवतात तशी. रस्त्याला ताज्या गुळाचा वास. मी थांबवलं नाही, बाराचा हिशोब होता. पुढे चहाचे मळे. लांबून बघितलं तर कोथिंबिरीच्या जुड्या ओळीने लावून ठेवल्यासारखे. थंडी वाढली. अंबक्काला मुलाचा स्वेटर घातला, त्यावर शाल. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता, पण ती खिडकीतून तोंड आत घेत नव्हती.

गेट

पावणेबाराला बरोबर गेटवर. मी वैष्णवीकडे बघितलं.

गेटवर पाटी होती. वैष्णवीने वाचून सांगितलं, खायचं काही आत न्यायचं नाही. आपली गाडीही नाही, जंगलखात्याची बस वर नेते, पुढे चालायचं.

तिथे एक बाई उभ्या होत्या, हिरवा स्वेटर, डोक्याला रुमाल. डोंगरातल्याच, जंगलखात्यात काम करत होत्या. मी त्यांना म्हणाले, "आमच्याजवळ प्लास्टिक नाही. नुसतं पान आहे, खाऊन पानही परत आणू."

"पान असो नाहीतर चांदीचं ताट असो," बाई म्हणाल्या. "माणसाच्या अन्नाची चव लागली की वरैआडू कडा सोडतात. मग रस्त्यावर गाडीखाली येतात."

बोलणं खरं होतं. मी मान डोलावली. म्हणाले, "बरं, मग इथेच व्हॅनमध्ये जेवतो आणि वर जातो. बारा वाजतच आलेत."

बाईंनी मला हाताला धरून वळवलं. कड्याच्या मागे पांढरी रेघ होती, दूध उतू जायच्या आधी कडेला फेस येतो ना, तशी. "अम्मा, तो ढग आहे. तासाभरात इथे बसेल. जेवून गेलात तर वर एकमेकींची तोंडं बघून याल. त्यासाठी येवढ्या लांब कशाला आलात?"

मी उभी राहिले. मला तेव्हां कळलं, माझा बेत कोठे चुकला. लग्नात सगळं जग पंगतीसाठी थांबतं. नवरदेव थांबतो, भटजी थांबतो. मी डोंगरालाही पंगतीत बसवला होता. मोजायचं होतं ढगापासून मागे, मी मोजलं जेवणापासून.

सुंदराला आता तोंड फुटलं होतं. "हा डोंगर मुलाकडचा दिसतो. आपल्या वेळेला येतो, आपल्या वेळेला उठतो."

"जेवण नंतर," मी म्हणाले. चाळीस वर्षांत हा शब्द माझ्या तोंडातून पहिल्यांदा निघाला. "चला बसमध्ये."

अंबक्का व्हॅनच्या पायरीवर बसली होती. शिट्टी वाजत होती. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी भांडी सांभाळते."

आणि मी म्हणाले, "बरं."

हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं. भांड्यांजवळ कोणीतरी लागतंच, हे हाडात बसलंय. लग्नात सगळ्या नवरी बघायला जातात, एक जण मागे राहते. ती नेहमी अंबक्काच असायची. तिने म्हणायचं, जा, आणि आम्ही जायचं. कोणी विचार केला नाही. मीही केला नाही, बसमध्ये जाऊन बसले, खिडकीची जागा धरली.

खिडकीतून ती दिसत होती. तूक्कूंच्या समोर बसलेली. डोंगराकडे पाठ.

सुंदरा माझ्या शेजारी बसली होती. ती एकदम म्हणाली, "अक्का, गुजरातला कोण चाललंय? तू की मी?"

मी उठले. बसवाला सुरू करत होता, त्याला म्हणाले, थांब. तो कुरकुरला. वैष्णवी दारात आडवी उभी राहिली आणि इंग्रजीत त्याच्याशी बोलायला लागली, ती इंग्रजीत बोलली की लोक थोडे थांबतात.

"अंबक्का, उठ."

"आणि भांडी?"

"सेल्वम आहे."

ती आवाज खाली करून म्हणाली, "तो हात लावेल."

"लावू दे."

"मग मी जेवणार नाही."

"नको जेवू," मी म्हणाले. "उपाशी ये. पण ये."

तिने माझ्याकडे बघितलं. माझी मुलं लहान असताना तिने स्वतःच्या पदराखालून त्यांना भात आणून दिला होता, त्या बाईला मी उपाशी ये म्हणत होते. पण दुसरं काही सुचलं नाही.

सेल्वमला मराठी येत नाही. तरी त्याला कळलं. तो म्हणाला, "अम्मा, मी गाडीला बाहेरून कुलूप लावतो आणि चहाला जातो. किल्ली तुम्हीच घेऊन जा." आणि किल्ली अंबक्काच्या हातात ठेवली.

ती किल्लीकडे बघत राहिली. मग परत त्याच्या हातात दिली. "थंडीत कोठे उभा राहशील? आत बस," म्हणाली. आणि माझा हात धरून उठली.

वर

बस जिथे सोडते तिथून फरसबंद रस्ता डोंगराच्या पोटाने वर जातो. चढ फार नाही, तुम्ही वीस-पंचवीस मिनिटांत जाल. आम्ही वीस पावलं गेलो की थांबायचो. एका बाजूला काळा कडा, गवत सोनेरी, त्यातून पाण्याच्या बारीक धारा. दुसऱ्या बाजूला खोल दरी. पोरंपोरी फोटो काढत पुढे जात होती. ढगाची रेघ आता पदर होऊन कड्यावरून खाली सुटली होती.

"तुम्ही पुढे जा," अंबक्का म्हणाली. "मी इथे बसते."

"बस. आम्हीही बसतो," मी म्हणाले.

"वरून चांगलं दिसतं म्हणतात."

"दिसू दे."

दुसऱ्या वळणाला ती खरंच बसली, रस्त्याच्या कडेच्या बुटक्या भिंतीवर. ओठ निळसर झाले होते. वैष्णवी घाबरली, मीही. जिला दाखवायला आणलं तिलाच काही झालं तर मुलाला काय सांगू? मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले, चुलीपुढे खोकला आला की फिरवायची तसा. सुंदरा, जी कधी गप्प बसत नाही, खाली बसून तिचे तळपाय चोळत होती. शिट्टी हळूहळू कमी झाली. वैष्णवी म्हणाली, "परत जाऊ." अंबक्का म्हणाली, "इथून हलणार नाही. मला बघू दे."

गेटवरच्या त्या बाई मागून चालत आल्या, त्यांची वरती कामाची पाळी होती. आम्हाला बघून थांबल्या. "बरं झालं बसलात. पुढे जायची गरज नाही. ढग खाली आला की वरैआडूही खाली येतात. बोलू नका, हात पुढे करू नका."

आम्ही बसलो. आणि ते आले. कड्यावरून असे उतरले, जसं कोणी जिन्यावरून उतरतं. आधी एक मादी, करड्या रंगाची, मागे वळलेली शिंगं, आणि तिच्यामागे वर्षाचं पिल्लू. आणखी चार-पाच. अंबक्कापासून दोन हातांवर येऊन मादी गवत खायला लागली. गवत तुटल्याचा आवाज येत होता, कर्र, कर्र. दुसरा कसलाच आवाज नव्हता.

अंबक्काने श्वास धरला होता. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, "बघितलंस? वाळलेली काडी सोडते, कोवळी तेवढी घेते. सुंदरा, तू चाळीस वर्षांत पालेभाजी अशी निवडली नाहीस."

सुंदरा तोंडात पदर कोंबून हसली. मादीने एकदा मान वर केली, आमच्याकडे बघितलं, परत खाली घातली.

मग दरीतला ढग थोडा सरकला आणि सगळं उघडं झालं. खाली मळे, त्याखाली मळे, एकामागे एक डोंगर, शेवटचे निळे. अंबक्का उभी राहिली, माझा आधार न घेता. "येवढं होतं होय इथे," ती म्हणाली. "आणि आपण ताडपत्रीमागे भात वेळत होतो."

पाच मिनिटं असेल. मग ढग आला, शेळ्या गेल्या, दरी गेली, वैष्णवीचा चेहराही धूसर झाला. वरच्या टोकापर्यंत आम्ही गेलोच नाही. तिथे काय आहे ते मला माहीत नाही.

खाली आलो तेव्हां अडीच वाजले होते. सेल्वम व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसला होता, डबे मागे होते तसे. रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागी पानं मांडली. दहीभात आंबट झाला होता, वेळ टळली की होतो. वैष्णवी वाढायला उभी राहिली तर अंबक्काने तिच्या हातातून पळी घेतली. पहिलं पान सेल्वमला वाढलं, पुरणपोळीवर तूप घातलं. मग त्याच्या शेजारी बसली आणि जेवली. पोटभर जेवली.

संध्याकाळची गाडी मिळाली. पोंगलनंतर अंबक्का गुजरातला गेली. आता आठवड्यातून एकदा फोन येतो. छाती तशीच आहे. तिथल्या शेजारणींना तमिळ येत नाही, मराठीही नाही, हिला गुजराती येत नाही. तरी ती त्यांना हातांनी करून दाखवते म्हणे, वरैआडूंची शिंगं कशी असतात, ते दरडीवरून कसे उतरतात. सून सांगत होती.

वर जाणार असाल तर सकाळी लवकर जा, स्वेटर न्या, जेवण खाली ठेवा. आणि हे वाचणाऱ्याला माझं एकच मागणं आहे. तुमच्यातलं कोणी म्हणालं, तुम्ही जा, मी सामान सांभाळते, तर बरं म्हणू नका.